सही म्हणजे मुक्या जनावराची गवाही

शंकरपटाच्या मैदानावर उभे राहून एकदा सगळ्यांची तोंडे न्याहाळून बघा. जोडीच्या मालकाला नाव हवे असते. हाकणाऱ्याला जिंकायचे असते. आयोजकांना गर्दी हवी, गावाला मान हवा आणि प्रेक्षकांना दोन घटका थरार हवा. चहा-भज्यांच्या गाड्यांनाही त्या दिवसाकडून काही तरी मिळवायचे असते. या सगळ्या गर्दीत एकच माणूस असा असतो, ज्याला कोणती जोडी पहिली आली याच्याशी काही देणेघेणे नसते. निदान नसावे. तो माणूस म्हणजे शर्यतीपूर्वी बैल तपासून ‘हा पळायला लायक आहे’ किंवा ‘नाही’ असे लिहून देणारा पशुवैद्यक.

वाचकहो, आपण शर्यतीबद्दल पुष्कळ बोलतो. परंपरा की क्रूरता, यावर तावातावाने वाद घालतो. पण ज्याच्या एका सहीवर ही सगळी परवानगी टेकलेली आहे, त्याच्या कामाकडे सहसा कोणी बघत नाही. रमजानच्या महिन्यात आपण माणसाच्या भुकेतहानेचा, हक्काचा आणि हिशेबाचा विचार करतो. आज थोडा विचार बोलू न शकणाऱ्यांचा आणि त्यांच्या वतीने बोलणाऱ्याचा करू.

सालोतरी आणि बैतार

उर्दूत गुराढोरांच्या, विशेषतः घोड्यांच्या वैद्याला ‘सालोतरी’ म्हणतात. हा शब्द ऐकून कोणालाही तो फारसी-अरबी वाटेल. मुळात तो आपला ‘शालिहोत्र’ आहे. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य म्हणून ज्या शालिहोत्राचे नाव घेतले जाते, त्याच्या नावावरच्या ग्रंथांची फारसी भाषांतरे सुलतानी आणि मोगल काळात झाली, आणि ऋषीचे नाव घोड्याच्या डॉक्टरचे नाव होऊन बसले. अरबीत याच माणसाला ‘बैतार’ म्हणतात, आणि तो शब्द ग्रीकांकडून आलेला. म्हणजे संस्कृत, ग्रीक, अरबी, फारसी, उर्दू अशा सगळ्या भाषांनी या एका पेशाला एकमेकांच्या हाताला धरून जपले आहे. घोड्याचा ताप बघताना कोणी त्याच्या मालकाचा धर्म विचारत नव्हता.

जुन्या इस्लामी शहरांत बाजारावर नजर ठेवणारा ‘मुहतसिब’ असे. खोटे माप, भेसळ या गोष्टी तर तो बघेच; पण जनावरावर झेपेल त्यापेक्षा जास्त ओझे लादले असेल तर ते उतरवायला लावण्याचा अधिकारही त्याला होता. बैतारांचे काम नीट चालले आहे का, हे बघणेही त्याच्याकडे होते. म्हणजे बरा करणारा वेगळा आणि निरखणारा वेगळा, ही कल्पना फार जुनी आहे. आज शर्यतीच्या मैदानावर उभा असलेला डॉक्टर बैतार कमी आणि मुहतसिब जास्त असतो.

डॉक्टर मैदानात कसा आला?

हा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० चा. २०११ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून बैलाला प्रदर्शन व खेळांसाठी वापरता येणार नाही अशा प्राण्यांच्या यादीत घातले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडी शर्यती या दोन्हींवर बंदी आणली. त्यानंतर महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि शर्यतींसाठी स्वतंत्र नियम केले. ते प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांच्या चौकटीत शर्यती घेण्यास तात्पुरती मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे दुरुस्त कायदे वैध ठरवले.

हा शेवटचा निकाल आला तेव्हा ठिकठिकाणी गुलाल उधळला गेला. पण निकालाचा गाभा काय होता, हे गुलालात थोडे झाकले गेले. न्यायालयाने शर्यतीला जशी होती तशी मान्यता दिली नाही. नवा कायदा आणि त्याखालचे नियम यांमुळे जनावराचा त्रास बऱ्याच अंशी कमी होतो, म्हणून ती चालू द्यावी, असा तो युक्तिवाद आहे. नियम काटेकोर पाळले जातील ही जबाबदारी न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम अधिकाऱ्यांवर टाकली. थोडक्यात, परवानगी नियमांना मिळाली आहे, आणि शर्यतीला ती नियमांमुळे मिळाली आहे.

नियम काय सांगतात? जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी. आयोजकांकडून ५० हजार रुपयांची अनामत. धावपट्टी एक हजार मीटरपेक्षा लांब नको. एका बैलाला दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा पळवायचे नाही. चाबूक, काठी, पराणी, विजेचा झटका देणारे यंत्र यांना मनाई. उत्तेजक औषध नको, दारू नको. अट मोडली तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. आणि या सगळ्यांच्या आधी, बैल तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला. असा दाखला कोणीही देऊ शकत नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे तो नोंदणीकृत पशुवैद्यकच देऊ शकतो.

तो नेमके काय बघतो?

लोकांना वाटते, डॉक्टर बैलाभोवती एक फेरी मारतो आणि सही करतो. नीट काम करणारा डॉक्टर आधी बैलाला हातच लावत नाही. तो लांबून बघतो. बैल चारही पायांवर सारखा भार देऊन उभा आहे का? कान हलतात का? रवंथ करतोय का? रवंथ करणारा बैल निवांत असतो. मान खाली टाकून, चाऱ्याकडे न बघता उभा असलेला बैल काही तरी सांगत असतो.

मग त्याला चालवून बघायचे, सरळ आणि वळवून. लंगड बहुतेक वेळा वळताना दिसते. खुरांमधली फट, सांध्यावरची सूज, खुराच्या वरच्या कडेचा गरमपणा हाताने तपासायचा. त्यानंतर खांदा. जुवाखाली सूज आली असेल, कातडी सोलली असेल, तर त्या बैलाला त्या दिवशी जुंपणे म्हणजे उघड्या जखमेवर लाकूड ठेवणे. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात. ज्या समाजाने खांद्यासाठी एक विधी ठेवला, त्याला खांदेसूज म्हणजे काय हे डॉक्टरने समजावण्याची गरज नाही.

तोंड उघडून दात बघायचे. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, हा हिशेब कोणताही शेतकरी सांगेल. डॉक्टरला तो यासाठी लागतो की कोवळ्या वासराची हाडे पूर्ण भरलेली नसतात आणि म्हाताऱ्या बैलाचे हृदय पूर्वीसारखे नसते. हिरड्या ओल्या आहेत की कोरड्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच बसते की तशीच उभी राहते, यावरून शरीरात पाणी किती उरले आहे ते कळते. शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूला बोटे ठेवून नाडी मोजायची. विसाव्यातल्या बैलाची नाडी मिनिटाला साधारण ५० ते ७० असते आणि अंगाचे तापमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास. बैल उगाच घामेघूम, डोळे विस्फारलेले, अंगाला कंप आणि नाडी धावत असेल, तर तो घाबरलेला आहे, आजारी आहे किंवा त्याला काही तरी दिलेले आहे. तिन्ही बाबतींत उत्तर एकच: आज नाही.

शेवटी ओळख. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक आणि दाखल्यावरचा क्रमांक जुळायला हवा. नाही तर तपासला एक बैल आणि पळाला दुसरा, असे होऊ शकते. हे सगळे एका बैलाला नीट करायचे म्हटले तर दहा-पंधरा मिनिटे सहज जातात. पन्नास जोड्या म्हणजे शंभर बैल. हिशेब वाचकांनीच करावा, आणि एका डॉक्टरच्या टेबलासमोर दोन तासांत शंभर दाखले निघत असतील तर त्याचा अर्थही आपणच लावावा.

दुसऱ्या देशांत काय होते?

आपल्या छकड्याची चुलत बहीण म्हणावी अशी एक शर्यत अमेरिका, कॅनडा, युरोप आणि ऑस्ट्रेलियात चालते. तिथे घोड्यावर कोणी बसत नाही. घोड्यामागे दोन चाकांची अगदी हलकी गाडी असते, तिला सल्की म्हणतात, आणि हाकणारा तिच्यावर बसतो. घोड्याने चौखूर उधळायचे नाही, दुडक्या चालीनेच पळायचे. चाल मोडली तर हाकणाऱ्याने त्याला मागे घेऊन पुन्हा चालीवर आणायचे. आपल्या खानदेशात, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या घोडेबाजारात, ‘रवाल’ चालीच्या घोड्याला भाव का येतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या खेळातली मजा लगेच कळेल. या खेळासाठी तिकडे घोड्याची जातच वेगळी घडवली गेली. १८७९ मध्ये अमेरिकेत असे ठरले की एक मैल अडीच मिनिटांत दुडकणारा घोडा ‘स्टँडर्ड’ला उतरला. त्यावरून त्या जातीचे नाव स्टँडर्डब्रेड पडले.

या मैदानांवर शर्यत-नियामक पशुवैद्यक नावाचे वेगळे पद असते. तो शर्यतीच्या दिवशी घोडे तपासतो. शर्यतीआधी घोडे अंग मोकळे करायला फिरवतात तेव्हाही तो कठड्याशी उभा राहून चाल बघत असतो. खटकले तर सुटण्याच्या क्षणापर्यंत तो घोड्याला बाद करण्याची सूचना देऊ शकतो. शर्यत संपल्यावर जिंकलेल्या आणि पंचांनी सांगितलेल्या घोड्यांचे रक्त व लघवीचे नमुने घेतले जातात. नमुन्याचे दोन भाग होतात, दोन्ही मालकाच्या माणसासमोर सीलबंद होतात. एक तपासला जातो, दुसरा राखून ठेवला जातो, म्हणजे वाद झाला तर फेरतपासणी करता यावी.

फसवणूकही तिथे आहेच. तिचा एक प्रकार आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूने होतो. शर्यतीआधी घोड्याच्या नाकातून नळी घालून खाण्याचा सोडा आणि साखर पाण्यात कालवून पोटात सोडायची. स्नायूंतली आम्लता थोडी उशिरा जाणवावी आणि घोड्याने दमल्याची जाणीव न होता पळावे, हा हेतू. हे उघडकीला आणण्यासाठी रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडची एकूण मात्रा मोजण्याची चाचणी आली आणि तिची मर्यादा नियमात घातली गेली. दमल्याची जाणीव ही निसर्गाने जनावराला दिलेली एकमेव तक्रारीची सोय. तीही काढून घ्यायची, हा या फसवणुकीचा खरा अर्थ आहे.

पण तिथून घेण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच आहे. तो नियामक डॉक्टर त्याच मैदानावरच्या घोड्यांवर खासगी उपचार करीत नाही. ज्याच्याकडून फी घ्यायची त्याच्याच घोड्याला बाद कसे करणार? म्हणून बरा करणारा वेगळा, निरखणारा वेगळा. मुहतसिब आणि बैतार यांच्यातला तोच जुना भेद.

रावेरने पाहिलेला ‘नकार’

आपल्या तालुक्याला पशुवैद्यकाच्या ‘नाही’ची किंमत वेगळी सांगायला नको. ऑगस्ट २०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पी चर्मरोगाची जी लाट आली, तिचे पहिले जनावर आपल्याच रावेर तालुक्यात, चिनावलला आढळले. डास, गोचीड आणि चावणाऱ्या माश्यांमधून पसरणारा हा विषाणू माणसाला होत नाही, पण गोठा रिकामा करतो. त्यात आधी ताप येतो, मग अंगावर गाठी उठतात. म्हणजे गाठी दिसायच्या आधीच्या दिवसांत बैल वरून धडधाकट दिसू शकतो आणि थर्मामीटर मात्र खरे बोलत असते. असा एक बैल मैदानावर शंभर बैलांत उभा राहिला, तर संध्याकाळी रोग कितीतरी गावांच्या वाटेला लागलेला असेल.

त्या सप्टेंबरात राज्यभर गुरांचे बाजार, जत्रा, प्रदर्शने आणि शर्यती बंद ठेवण्याचे आदेश निघाले. पोळ्यानंतरचे ते दिवस कठीण होते. बाजार बंद म्हणजे नड भागवायला विकायचा बैलही दावणीला. लोक चिडले, तरी थांबले. लसीकरण झाले, गोठे धुतले गेले. त्या वेळी पशुसंवर्धन विभागाच्या डॉक्टरांनी म्हटलेला ‘नाही’ कोणाला आवडला नव्हता. पण त्यानेच पुढच्या हंगामाचे बैल वाचवले. शर्यतीच्या टेबलावरचा ‘नाही’ त्याच जातीचा असतो. फरक इतकाच की साथीत सरकारचा आदेश डॉक्टरच्या पाठीशी असतो आणि शर्यतीत तो एकटा असतो.

एकटेपणाचा प्रश्न

खरा पेच इथे आहे. आपल्या तालुक्यांत पशुधन विकास अधिकारी म्हणजे तोच डॉक्टर, जो सकाळी एखाद्याच्या अडलेल्या गाईची सुटका करतो, दुपारी लस टोचतो आणि संध्याकाळी केळीच्या बागेतून मोटारसायकल काढत तिसऱ्या गावाला जातो. ज्याच्या बैलाला रविवारी ‘नाही’ म्हणायचे, त्याच्याच गोठ्यात सोमवारी जायचे असते. आयोजकही ओळखीचे. ‘डॉक्टरसाहेब, एकच फेरी आहे, लई लांबून आलेत लोक,’ असे कोणी हात जोडून म्हटले तर धमकीपेक्षा ते जास्त अवघड असते. धमकीला कायदा आहे, भिडेला नाही.

म्हणून ही गोष्ट डॉक्टरच्या हिमतीवर सोडून चालणार नाही. काही सोप्या गोष्टी करता येतील. शर्यतीची तपासणी शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरांकडे द्यावी, म्हणजे भीड राहणार नाही. जोड्या किती, त्यावर डॉक्टर किती हे परवानगीच्या वेळीच ठरावे. बाद केलेल्या बैलांची यादी, कारणासह, मैदानावर फलकावर लागावी. त्यात अपमान काही नाही, उलट मालकाला उपचाराची दिशा मिळते. सावली आणि पाण्याचे टाके तयार आहे असे डॉक्टरने सांगितल्याशिवाय पहिली जोडी सुटू नये. आणि बैल बाद झाला म्हणून मालकाचे प्रवेशशुल्क बुडू नये. पैसे परत मिळणार असतील तर वादाची निम्मी हवा तिथेच निघून जाते.

गवाही आणि तहान

शर्यत इस्लामला परकी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मदीनेत घोड्यांच्या शर्यती झाल्या, याची नोंद हदीसच्या ग्रंथांत आहे. त्या नोंदीतला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. तयारीचे, कसलेले घोडे हफया ते सनियतुल-विदा या लांब पल्ल्यावर पळवले गेले आणि तयारी नसलेल्या घोड्यांसाठी बनू जुरैकच्या मशिदीपर्यंतचा फार लहान पल्ला ठेवला गेला. ज्याची जितकी ताकद तितकीच त्याची धाव. आज नियमांच्या भाषेत आपण ज्याला तंदुरुस्तीचा दाखला म्हणतो, त्याचा आत्मा तोच आहे. शर्यतीवर लावलेला जुगार मात्र इस्लामने नाकारला आहे. तो का नाकारला, हे सोड्याची नळी पाहिली की कळते. पैसा लागला की जनावर जनावर राहत नाही, ते पत्त्यातले पान होते.

मालक उपाशी ठेवतो, राबवून घेतो म्हणून एका उंटाच्या डोळ्यांत पाणी आले आणि प्रेषितांनी त्याच्या मालकाला बोलावून जाब विचारला, हा प्रसंगही आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकलेला असतो. मुक्या जनावरांच्या बाबतीत अल्लाहला भिऊन वागा, ही ताकीदही तिथलीच. आणि खोटी गवाही ही मोठ्यातल्या मोठ्या गुनाहांमध्ये गणली गेली आहे. न बघता केलेली तंदुरुस्तीची सही दुसरे काय असते? बैलाला कोर्टात उभे राहून सांगता येत नाही की त्या दिवशी माझा खांदा दुखत होता. त्याच्या वतीने डॉक्टर बोलतो. ती सही म्हणजे त्या बैलाची गवाही, डॉक्टरच्या हातून दिलेली. ती अमानत आहे.

सध्या रमजान उन्हाच्या तोंडावर येतो आहे. दुपारी तीनच्या सुमाराला तहान म्हणजे काय हे रोजेदाराला सांगावे लागत नाही. पण रोजेदाराला एक गोष्ट ठाऊक असते. मगरिबची अजान होईल आणि पाण्याचा पेला हातात येईल. बैलाला तेही ठाऊक नसते. त्याची तहान कधी संपेल हे माणसाच्या हातात असते. उपवास कोणत्याही धर्माचा असो, एकादशीचा असो, पर्युषणाचा असो की रमजानचा, तहानलेल्याची तहान ओळखता यावी इतके तरी त्यातून हाती लागायला हवे.

आता चैत्राच्या यात्रा येतील, मैदाने सजतील. पटाला जाणाऱ्यांनी जरूर जावे. तो आपल्या मातीतला खेळ आहे आणि बैलावर जीव टाकणारे मालक आजही बहुसंख्य आहेत. फक्त एक करावे. धावपट्टीकडे जाण्याआधी पशुवैद्यकाचे टेबल कुठे आहे ते शोधावे. तिथे रांग हळू सरकत असेल, डॉक्टर एखाद्या बैलाचा खूर हातात घेऊन बसला असेल आणि एखादा मालक नाराज होऊन बैल परत नेत असेल, तर समजावे की ही शर्यत कायद्याने चालली आहे. त्या नाराज मालकाला दोन शब्द धीराचे सांगावेत आणि त्या डॉक्टरच्या बाजूने चार माणसे उभी राहावीत.